आबेदाबीची साक्ष

१

अजाब मोहोडनं खून केला होता, हे सगळ्या वऱ्हाडाला माहीत होतं. त्यासाठी कोणाला शोध लावावा लागला नव्हता. तो स्वतःच सांगत फिरत होता.

चौऱ्याण्णव सालच्या नोव्हेंबरातला शुक्रवार. संध्याकाळचे साडेसहा. अकोल्यात जठारपेठेत सायकलचं दुकान चालवणारा त्र्यंबक वरघट आपल्या दुकानाच्या दारातच गुप्तीचा वार बसून मेला. अजाबवर खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. पुढं तो अजाबभाऊ झाला, मग दादा झाला, आणि साठीजवळ आल्यावर त्यानं पुस्तक काढलं. नाव ठेवलं ‘हो, मीच’. एकदा सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालत नाही, हे तो हसत हसत सांगायचा. पुस्तकाची चौथी आवृत्ती निघाली. सोहम नावाच्या तरुणानं त्याची मुलाखत मोबाइलवर टाकली, ती अकरा लाख लोकांनी पाहिली. लोक त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढू लागले.

त्याच पुस्तकातल्या एका परिच्छेदानं मात्र बाळापुरातल्या एका बाईचं घर रिकामं झालं.

मोरोपंत पांढरीपांडे यांना हे कळलं ते हीनाकडून. मोरोपंत अमरावतीला अंबापेठेत राहत. अकोल्याच्या कोर्टात चौतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले. बायको रमा वैशाखात गेली, तेव्हापासून घरात ते एकटेच. हीना अमरावतीतल्याच एका उर्दू शाळेत शिक्षिका होती. पत्ता विचारत विचारत ती आली होती. मोरोपंतांनी चहा केला. साखर दोनदा पडली. हीनानं तो गुमान पिऊन टाकला.

“काका, हे वाचा,” म्हणून तिनं पुस्तकाचं पान उघडलं.

‘बाळापूरच्या एका बाईनं अल्लाची शपथ घेऊन कोर्टात खोटं सांगितलं, म्हणून मी आज तुमच्यासमोर आहे. माझ्या वकिलानं तिला पढवलं होतं. त्या माउलीला माझा सलाम.’

“ती बाई माझी अम्मी,” हीना म्हणाली. “आबेदाबी. घरी पोरींना कुराण शिकवते. सतरा पोरी येत होत्या. हे पुस्तक आल्यापासून एकही येत नाही. एकीची आई तोंडावर बोलून गेली, झूठी गवाही देणाऱ्या बाईकडून आमची पोरगी अल्लाचं कलाम शिकणार नाही.”

“आणि तुमच्या अम्मी काय म्हणतात?”

“काहीच नाही. अब्बा, बशीर नाव त्यांचं, चार वर्षांखाली गेले, तेव्हापासून ती तशीही कमीच बोलते. फक्त म्हणते, कोर्ट के उस कारकून साब को ढूंढो. मैं क्या बोली, वो उन्होंने सुना था.”

मोरोपंतांनी कप खाली ठेवला. त्या दिवशी आबेदाबीचं बोलणं मराठीत करून न्यायाधीशांना सांगणारा कारकून तेच होते. आणि त्यांना त्यातलं अक्षरही आठवत नव्हतं.

२

हीनानं साक्षीच्या नकलेची झेरॉक्स आणली होती. सोहमनं मुलाखतीसाठी कोर्टातून नक्कल काढली होती, त्याच्याकडून तिनं मागून घेतली. ती गेल्यावर मोरोपंतांनी चष्मा पुसून वाचायला घेतली.

‘शुक्रवारी रात्री अजाब मोहोड आमचे घरी सतरंजी नेण्यास आला. मगरिबची अजान होऊन गेली होती. घरात फातेह्याची प्रार्थना चालू होती. मी त्यास गोड भात दिला. सतरंजीचे गोंडे बांधणे बाकी होते, ते होईपर्यंत तो ओट्यावर बसला. इशाची अजान झाल्यावर गेला.’

खाली त्यांचीच सही होती. ‘उर्दूतून मराठीत सांगणार, मो. ग. पांढरीपांडे.’

मग थोडं थोडं आठवू लागलं. न्यायाधीश कोल्हापूरकडचे होते. दुभाषी आला नव्हता. कोणीतरी म्हणालं, पांढरीपांड्यांना येतं उर्दू. मोरोपंतांना उर्दू येतं असं कोर्टात सगळे समजत. त्यांनाही तसंच वाटे. चार सिनेमे आणि बाजारातलं बोलणं, एवढ्यावर ते उभे राहिले होते.

कागद मांडीवर ठेवून त्यांनी विचार केला. मगरिबची अजान सूर्यास्ताला, इशाची त्यानंतर सव्वा-दीड तासानं. म्हणजे पावणेसहा ते सव्वासात अजाब बाळापुरात बसलेला. खून साडेसहाला अकोल्यात. मध्ये पंचवीस-सव्वीस किलोमीटर. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. मग कोण खोटं बोलतं? आबेदाबी तेव्हा बोलली? की अजाब आता बोलतोय, न केलेला खून नावावर घेऊन मोठा होतोय? की अजाबच्या साठवणे वकिलानं सगळं रचलं? साठवणे तर मरून गेलेले.

असं काही अडलं की ते रमाला विचारत. ती भाजी निवडता निवडता उलटा प्रश्न विचारी आणि त्यातच उत्तर असे. आता घरात विचारायला कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अकोल्याची बस धरली.

३

त्र्यंबकची बायको वच्छला आता एकसष्ट वर्षांची. नवरा गेल्यावर एका शाळेत शिपाई म्हणून लागली, तिथूनच निवृत्त झाली. ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मोरोपंतांनी ओळख सांगितली तशी तिनं टोपलं त्यांच्याकडं सरकवलं.

“रिकामे नका बसू. सोला. कोर्टातले म्हणता, मंग तवा काहून नाई आले?”

मोरोपंतांनी एक शेंग सोलली. “अजाबनं लिहिलंय की तुमच्या नवऱ्यानं गोरगरिबांना त्रास दिला, म्हणून त्यानं...”

“लिवते का थो असं?” ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. “रस्त्यानं जाणाऱ्या पोरीची ओढणी ओढली थ्यानं. ह्यायनं दुकानातून उतरून थ्याच्या कानाखाली वाजवली. भर चौकात. एवढंच झालं होतं बाप्पा. गोरगरीब कुठून आले थ्यात?”

“म्हणजे खून त्यानंच केला?”

“मंग कोनं केला? दुकानात मी होतो. मागच्या खोलीत पोराले दूध पाजून राहिलो होतो. आवाज आयकला थ्याचा. पन बायकोनं आवाज आयकला, हे कोर्टाले चालत नाई म्हनते.”

मोरोपंतांनी दाणे टोपल्यात टाकले.

“त्याचा राग येत असेल.”

“अजाबचा? येते ना. पन थ्यानं रागात मारलं, थे मले समजते. थ्या बाईनं शपथ घेऊन मारलं. कोर्टाच्या पायऱ्यायवर मी तिच्या बुरख्यावर थुकलो होतो. सांगतलं का तिनं तुमाले?”

“नाही.”

“नाई सांगतलं?” वच्छलाचा हात थांबला. “एक सांगू? खोटं बोलनारं मानूस खाली पायते. शायेत तीस वर्सं पोरं पायली मी. थे बाई मी थुकलो तरी मायाकडं सरळ पाहत होती. म्हणे काई नाई, रडे नाई. मले आजलोक थे उमगून नाई राहिलं.”

४

जठारपेठेतच दुसऱ्या टोकाला, माडीवर अजाब मोहोडचं ऑफिस होतं. भिंतीभर त्याचेच फोटो. अंगानं थोराड माणूस, पाय सुजलेले, समोर बिनसाखरेचा चहा. सोहम कॅमेऱ्याचा दिवा इकडून तिकडं हलवत होता. अजाबनं मोरोपंतांना लगेच ओळखलं.

“या या पंत. तुमीच ना थे कागद वाचनारे? तुमचा आवाज मले आजबी याद हाय. ‘शुक्रवारी रात्री’ म्हणले तुमी, अन् माया आंगातला ताप उतरला. बसा. सोहम, पंतायले खुर्ची दे.”

“एकच विचारायचं होतं. साठवणे वकिलांनी त्या बाईला पढवलं, ते तुमच्यासमोर?”

“मायासमोर कसं? मी तं जेलात. सतरंजी कोनाकून आनली, तेवढं मी थ्यायले बोललो होतो. सुटल्यावर वकीलसायबायनं सांगतलं. म्हणे, अजाब, असी बाई तयार केली की जज पाहतच रायला.”

“म्हणजे ऐकीव.”

“आयकीव कायचं? शुक्रवारी मी तिच्या घरी नोयतोच, थे मायापेक्षा जास्त कोनाले मालूम? मी इथी होतो. दुकानापाशी.” हे सांगताना त्यानं सवयीनं कॅमेऱ्याकडं पाहिलं. दिवा बंद होता.

“मग ते सतरंजीचं, फातेह्याचं? बाईनं मनानंच रचलं?”

“थे खरं हाय. गेलो होतो ना मी. आदल्या दिवशी.” अजाबनं चहाचा घोट घेतला. “पुस्तक तुमी वाचलं नाई वाटते. नवी सतरंजी आनली, तिच्या वळकटीत गुप्ती घातली. घरात लोबानाचा धूर, डोये चुरचुरून रायले होते. बाईनं कायतरी गोड देल्लं वाटीत. चांगली बाई होती. मी मनात म्हनलं, आपन उद्या काय करनार अन् हे आपल्याले वाटी भरून देऊन रायली.”

सोहमनं विचारलं, “दादा, हे पुन्हा बोलता का? रेकॉर्ड करतो.” अजाबनं हात हलवून नाही म्हटलं.

मोरोपंत जिना उतरले. सगळं जुळत होतं. सतरंजी, फातेह्याचा लोबान, वाटीतलं गोड. अजाब बाळापूरला गेला होता, पण गुरुवारी. कसलेला वकील असंच करतो. सगळी साक्ष खरी ठेवायची आणि वार तेवढा एक दिवस पुढं सरकवायचा.

हीनाची अम्मी खोटं बोलली होती. एकाच दिवसाचं, पण खोटंच.

५

हे कसं सांगायचं, या विचारात दोन दिवस गेले. शेवटी मोरोपंतांनी फोन लावला. हीना बाळापूरला घरी होती, तिनं तो अम्मीकडं दिला.

“आबेदाबी, मी पांढरीपांडे. अकोल्याला जाऊन आलो. जरा बोलायचं होतं.”

पलीकडून शांत आवाज आला. “फोन पे नक्को साब. मुँह देखके बोलना. मैं आती. जुमेरात को आती, असर के बाद.”

“बरं. या.”

त्यांनी दिनदर्शिकेवर शुक्रवारच्या चौकटीत लिहून ठेवलं, ‘आबेदाबी, सायंकाळी’.

गुरुवारी दुपारी त्यांनी घर आवरायला काढलं. पाहुणी बाई येणार, आणि रमा गेल्यापासून केर नीट निघाला नव्हता. पाच वाजता ते बनियनवर, हातात ओलं फडकं घेऊन खिडकीची जाळी पुसत होते, तेव्हा कडी वाजली. दारात हीना, आणि तिच्या मागं पन्नाशीपुढची, सडसडीत, पांढऱ्या दुपट्ट्यातली बाई.

“अरे, तुम्ही आज आलात?” मोरोपंतांनी घाईनं सदरा ओढला. “माझं घर तर बघा कसं पडलंय. मी उद्या समजत होतो.”

“जुमेरात बोली थी ना मैं?”

“हो ना. म्हणजे शुक्रवारी रात्री.”

हीनाला हसू आलं. “काका, शुक्रवार म्हणजे जुम्मा. जुमेरात म्हणजे गुरुवार.”

“नाही, जुम्म्याची रात्र असं नाही का ते?”

“रात्र-बित्र काही नाही त्यात. एकच शब्द आहे. जुमेरात. गुरुवार. दिवसा पण जुमेरातच म्हणतो आम्ही.”

मोरोपंतांच्या हातातल्या फडक्यातून पाणी ठिपकत होतं. ते उंबऱ्यातच उभे राहिले. हीनानं दोनदा विचारलं, काका, बरं वाटत नाही का?

६

त्यांनी नक्कल आणली, समोर धरली.

“बाई, कोर्टात वकिलांनी विचारलं, अजाब कधी आला. तुम्ही काय म्हणालात? तोच शब्द सांगा.”

“जुमेरात को. मैं एकीच लफ्ज बोली थी.”

“आणि घरी फातेहा कधी असतो?”

“हर जुमेरात को,” हीना म्हणाली. “मगरिबनंतर. लोबान लावतो, काहीतरी गोड करतो.”

“शुक्रवारी कधी?”

“आमच्या घरी नाही.”

मोरोपंत बसले. कागदाची पहिली ओळ शुक्रवार म्हणत होती आणि तिसरी ओळ गुरुवार. इतकी वर्षं ते दोन वार एकाच कागदावर शेजारी पडून होते. न्यायाधीशांनी वाचलं, सरकारी वकिलानं वाचलं. कोणाला काही खटकलं नाही, कारण त्या कोर्टात फातेह्याचा वार माहीत असलेलं कोणी नव्हतंच. साठवण्यांनी आपल्या ऑफिसात तोच शब्द ऐकला असणार आणि तीच चूक केली असणार. पढवण्याची त्यांना गरजच पडली नाही. नंतर अशिलापुढं फुशारकी मारली, एवढंच.

“अजाब खरं सांगतो, खून त्यानं केला,” मोरोपंत म्हणाले. “तुम्हीही खरं सांगितलं, तो आदल्या दिवशी आला होता. खोटं कोणीच बोललं नाही. मध्ये मी होतो.”

मोरोपंत तिच्याकडं वळले.

“खून कोणत्या वारी झाला, हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं?”

“किसी ने नई. बोले, बाई, वो आया था के नई, इतनाच बोलो. मेरी शादी को दो बरस हुए थे. बऱ्हाणपूर से आई थी, मराठी आती नई थी. हीना के अब्बा भिवंडी में माग पे थे, पूछती किसको? आपने मराठी में पढ़के सुनाया, बोले, बरोबर? मैं बोली, हौ.”

“आणि ती बाई तुमच्या अंगावर थुंकली तेव्हा?”

“उसका मरद मरा था. मैं सोची, थूकने दो.” ती दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “तो मेरी गवाही झूठी नई थी.”

“नाही.”

“लेकिन छूटा वो उसीसे.”

चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या कागदात चूक निघाली नाही, असं निरोपाच्या दिवशी साहेब बोलले होते. रमाला ते फार आवडलं होतं. भाजीत मीठ जास्त झालं की म्हणायची, तुमच्या कागदात नसते हो चूक, माझ्या आमटीत असते. बरं झालं, आज ती हे ऐकायला नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि लगेच त्या विचाराची लाज वाटली. ती असती तर ‘चला, सांगून येऊ’ म्हणत चप्पल घालून आधी दारात उभी राहिली असती.

आबेदाबीच पुढं बोलली. “आप नई बोलते तो किसीको पता नई चलता, साब.”

“रविवारी अकोल्याला येता का?” मोरोपंत म्हणाले. “अजाबच्या ऑफिसात. सगळ्यांसमोर सांगतो.”

७

रविवारी सकाळी अकराला माडीवर सगळे जमले. वच्छलाला मोरोपंतांनी स्वतः जाऊन आणलं होतं. ती अजाबच्या ऑफिसातल्या खुर्चीवर बसायला तयार नव्हती. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. आबेदाबी समोरच्या भिंतीशी. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. अजाब मजेत होता. असे जमाव त्याला आवडत.

“सोहम, लाव रे तुयं यंत्र. पंत माया पुस्तकावर बोलनार हायेत.”

मोरोपंत उभे राहिले. कोर्टात वाचायचे तसंच, सावकाश, कागद हातात धरून बोलले. पहिली ओळ वाचली, मग तिसरी. अजाबला विचारलं, “घरात लोबानाचा धूर होता, गोड दिलं, हे सगळं कोणत्या दिवशी?”

“सांगतलं ना. आदल्या दिवशी. गुरुवारी.”

“आणि त्या दिवसाला या बाईंच्या भाषेत जुमेरात म्हणतात. त्यांनी कोर्टाला तेच सांगितलं. मला तो शब्द माहीत नव्हता. मी जुम्मा ऐकला आणि रात ऐकली, आणि शुक्रवारी रात्री म्हणून ठोकून दिलं.”

अजाबला कळायला थोडा वेळ लागला.

“म्हंजे वकिलानं काईच केलं नाई?”

“नाही.”

“बाईले पढवलं नाई?”

“नाही. तुम्ही जुळवून आणलं नाही, वकिलांनी नाही, कोणीच नाही. एका कारकुनाला एक शब्द कळला नाही, म्हणून तुम्ही सुटलात. दुसरं काही कारण नाही.”

अजाब भिंतीवरच्या फोटोंकडं पाहू लागला. मग सोहमला म्हणाला, “थे बंद कर.”

“दादा, राहू द्या ना चालू. लोक बघतील.”

“हासतीन बे लोकं.” त्याचा आवाज एकदम म्हातारा झाला. “इतकी वर्सं मले वाटे, मी कायदा खिशात घातला. पुस्तकात लिवलं तसं.” त्यानं पाय खाली सोडले आणि चप्पल शोधू लागला. सुजलेल्या पायात ती लवकर जाईना. कोणी मदतीला उठलं नाही. शेवटी तो तसाच अनवाणी आतल्या खोलीत गेला.

वच्छला दारातून हलली नव्हती. “मंग पंत, मी एवढी वर्सं शिव्या देल्ल्या थ्या कोनाले?”

“त्या माझ्या होत्या. मला द्यायच्या होत्या तुम्ही.”

ती त्यांच्याकडं खालपासून वरपर्यंत पाहत राहिली. “देईन,” ती म्हणाली. “घरी जाऊन देईन. इथी थ्याच्या माडीवर नाई.” आणि आबेदाबीला, तिच्याकडं न पाहता, “चाल वं बाई. ऊन होऊन रायलं.”

८

सोहमनं माडीवरचं ते चित्रण मोबाइलवर टाकलं. ते काढून टाक म्हणून अजाबचे फोन आले, पण सोहमनं ते काढलं नाही. बाळापुरात सहा पोरी परत आल्या. बाकीच्यांच्या आया म्हणाल्या, मोबाइलवर कोणीही काहीही बोलतं, कागद दाखवा.

म्हणून पुढच्या आठवड्यात वच्छलाच्या ओसरीत मोरोपंत कोरा कागद घेऊन बसले. आबेदाबी आणि हीनाही आल्या होत्या. कबुलीजबाब त्यांचाच होता, पण त्यात आबेदाबीची साक्ष नव्यानं लिहायची होती. ते एक ओळ मराठीत लिहीत, मग तिच्या बोलीत सांगत, आणि ती मान हलवेपर्यंत पुढं जात नसत. वार त्यांनी तिच्याच शब्दात लिहिला आणि कंसात गुरुवार.

“फातेहा चालू था. मैंने उसको मीठा चावल दिया...”

“रुको साब. चावल किसने बोला?”

“इथं आहे. गोड भात.”

“मलीदा था. रोटी चूरके, गूड डालके. मैं मलीदा बोली थी.”

मोरोपंतांचा पेन थांबला. मग त्यांचे कान लाल झाले. “ते मला समजलं होतं,” ते हळू म्हणाले. “मीच बदललं. कोर्टात आरोपीला मलिदा दिला म्हटलं तर... मराठीत मलिदा म्हणजे लाच हो.”

आधी हीना हसली. मग वच्छला पदर तोंडाला लावून हसू लागली, आणि तिला हसताना पाहून आबेदाबीही. मोरोपंतांनी भात खोडून मलिदा लिहिला, बाजूला छोटी सही केली आणि राहिलेल्या ओळी वाचून दाखवल्या. आबेदाबीनं खाली उर्दूत सही केली.

“आता एक साक्षीदार लागेल,” ते म्हणाले. “हीना घरातली, ती चालायची नाही. शेजारून कोणाला बोलावता का?”

“शेजारचे काहून?” वच्छला म्हणाली. “आना इकडं.”

तिनं कागद मांडीवर घेतला, शाळेच्या हजेरीपटावर करायची तशी ठळक सही केली, आणि तो मोरोपंतांना न देता आबेदाबीपुढं धरला.

“वाचून पाय वं. माया नावात चूक नको.”

आबेदाबीनं कागद उजेडाकडं वळवला आणि मराठी अक्षरं एकेक जुळवत मोठ्यानं वाचलं.

“वच्छला... त्र्यंबक... वरघट. बरोबर?”

“हाव,” वच्छला म्हणाली.